काळजी करायचीच तर या गोष्टींची करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैन्यभरतीचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत दोनच प्रकारचे फोटो येतात. एक, पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांचे. दुसरा, निवड झालेल्याच्या गावातल्या मिरवणुकीचे. या दोन फोटोंच्या मधल्या काळात आईबाप काय काय विचारत फिरतात, ते मात्र कुठे छापून येत नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बॉर्डरवर पाठवतील का हो?" याचे उत्तर साधे आहे. पाठवतील. पायदळात गेला तर काश्मीर, लडाख किंवा ईशान्य भारत यांपैकी काहीतरी वाट्याला येणार हे धरूनच चालावे. त्यात पालकांच्या हातात काही नसते. ज्या गोष्टी हातात असतात, त्यांबद्दल फारसे कोणी विचारत नाही, आणि घोळ बहुतेक तिथेच होतात.

पहिली गोष्ट सहीची. अग्निवीर, म्हणजे अग्निपथ योजनेतला चार वर्षांचा सैनिक, म्हणून भरती व्हायला किमान वय साडेसतरा लागते. अठरा पूर्ण नसतील तर नावनोंदणीच्या अर्जावर आईवडिलांची किंवा पालकाची सही घेतात. ही सही बहुतेक वेळा भरती कार्यालयाच्या आवारात, रांगेत उभे राहून, कागद न वाचता होते. त्या कागदाचा अर्थ असा: प्रशिक्षण धरून चार वर्षांची नोकरी. या काळात मुलाला आपल्या मर्जीने सोडून येता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थितीत, वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिली तरच सुटका. सेवाकाळात लग्न करता येत नाही, तेव्हा "दोन वर्षांनी बार उडवून देऊ" असा शब्द कुठल्या पाहुण्याला दिला असेल तर तो आधीच मागे घ्यावा. वर्षाला ३० दिवस रजा. चार वर्षे संपल्यावर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीरांना कायम सेवेत घेतात. बाकीच्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकांची वैद्यकीय योजना नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. १४ जून २०२२ ला योजना जाहीर झाली त्या दिवसापासून हे सगळे उघड आहे. तरीही "चार वर्षांनी पेन्शन किती बसेल?" असे विचारणारे पालक आजही भेटतात. योजना चांगली की वाईट हा वाद या पत्रात घालायचा नाही. पण चुकीच्या समजुतीवर सही होऊ नये, एवढे तरी व्हावे.

कागदपत्रांत मुले जितकी अडकतात तितकी धावण्यातही अडकत नसतील. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधारवर बहुतेक वेळा आडनाव शेवटी. वडिलांचे नाव एका कागदावर दत्तात्रय, दुसऱ्यावर दत्तात्रेय. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे 'व्ही', कुठे 'डब्ल्यू'. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असला तरी अर्ज तिथेच थांबतो. दहावीचे प्रमाणपत्र हा पाया समजून आधार, पॅन आणि बँक खाते त्याच्याशी जुळवून घ्यावे. उलट करायला जाऊ नये, कारण दहावीच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते आणि तिला वेळ लागतो. मोबाईल क्रमांक आधारशी जोडलेला असावा आणि तो मुलाचा किंवा घरातलाच असावा. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीवाल्याचा नंबर किंवा त्याचा ई-मेल अर्जात टाकला की प्रवेशपत्रापासून निकालापर्यंत सगळे आधी त्याच्या हातात जाते.

अधिवासाचा आणि जातीचा दाखला तहसील कार्यालयाचा, फोटोसह. जातीच्या दाखल्यावर धर्माचा उल्लेख नसेल तर धर्माचा वेगळा दाखला लागतो. खुल्या प्रवर्गातली मुले "आम्हाला आरक्षण नको, मग जातीचा दाखला कशाला?" म्हणतात आणि मैदान मारूनही कागदपत्रांच्या टेबलावर अडतात. चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला लागतो. उत्साहाने वर्षभर आधी काढून ठेवलेला चालत नाही. प्रतिज्ञापत्र अधिसूचनेसोबत दिलेल्या नमुन्यातच करावे. कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट त्याच्याकडचा जुना मजकूर देतो, तो बाद होतो. पांढऱ्या पार्श्वभूमीचे, तीन महिन्यांच्या आतले २० फोटो लागतात. स्टुडिओवाल्याला चेहरा उजळ करू नका म्हणून बजावून सांगावे, संगणकावर सजवलेला फोटो घेत नाहीत.

कोणत्या पदासाठी अर्ज भरला, हेही पालकांना ठाऊक असावे. जनरल ड्यूटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. टेक्निकलला बारावी विज्ञान, भौतिक-रसायन-गणित-इंग्रजीसह, एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४०. क्लार्कला बारावीत ६० आणि प्रत्येक विषयात ५०. ट्रेड्समन म्हणजे स्वयंपाकी, धोबी, न्हावी, शिंपी, सफाई अशा कामांसाठीची भरती. या कामात कमीपणा काही नाही, त्यांच्याशिवाय एकही पलटण चालत नाही. पण "मुलगा फौजी झाला" म्हणून हार घातले आणि सहा महिन्यांनी तो मेसमध्ये आहे कळल्यावर घरात तोंडे उतरली, असे होऊ नये. ज्याच्याकडे बारावी विज्ञानचे गुण आहेत, त्याने घाईने दहावीच्या जोरावर ट्रेड्समनचा अर्ज भरणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

आता वैद्यकीय तपासणी. ही घरी बरीचशी आधीच करता येते आणि करावीच. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवून उचलावा. मधली कमान सोडून टाच आणि चवडा उमटला तर ठीक. पूर्ण पाऊल चपटे उमटले तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. गुडघे जुळवून सरळ उभे केल्यावर दोन घोट्यांच्या मधले अंतर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. कोपर सरळ केल्यावर हात फार बाहेर झुकत असेल, डोळा तिरळा असेल, रंग ओळखताना चूक होत असेल, अंडकोशात सूज किंवा फुगलेल्या शिरा असतील तर मुलगा घरात सांगत नाही, कारण त्याला लाज वाटते. वडिलांनी ते विचारून घ्यावे. कानातला मळ, किडलेले दात, नाकाचा त्रास ही भरतीच्या तीन-चार महिने आधी उरकायची कामे आहेत. कोणतीही शस्त्रक्रिया ऐनवेळी करू नये. ताज्या टाक्यांवर कोणी पास करत नाही. जत्रेत हौसेने गोंदवलेले नावही नडते. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागे, एवढ्याच जागी कायमचे गोंदण चालते. दंडावर, छातीवर, मानेवर असेल तर अपात्र. मैदानावर अनफिट ठरवले तरी लगेच हाय खाऊ नये. लष्करी रुग्णालयात फेरतपासणीची संधी असते, फक्त चिठ्ठीवर दिलेल्या मुदतीत तिथे हजर व्हावे लागते. मुले निराश होऊन ती चिठ्ठी खिशात ठेवतात आणि मुदत निघून जाते.

पळण्याबद्दल थोडक्यातच. आपल्या भागातल्या मुलाला जनरल ड्यूटीसाठी १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती, फुगवल्यावर ५ सेंटिमीटर जास्त, इतके लागते. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण ६० गुण, दहा बीम (पुल-अप्स) मारले तर ४० गुण. साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या प्रत्येकी ८२ सेकंदांत. गर्दीच्या भरात पोरे पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात आणि तिसऱ्या फेरीत बसतात, म्हणून सराव घड्याळ लावून फेरीनिहाय करावा. डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी रोज पळून नडगीचे हाड दुखू लागले की ते हाडाला चीर पडण्याचे लक्षण असू शकते. तेव्हा विश्रांती हाच उपाय, फवारा मारून पळणे नव्हे. आणि पहाटे अंधारात महामार्गावर पळायला जाऊ देऊ नये. जिममधल्या कोणी ताकदीचे इंजेक्शन सुचवले तर त्याच्या वाटेलाही जाऊ नये. परीक्षा आधी संगणकावर होते, ग्राउंड नंतर. तरी मुले दोन वर्षे नुसते पळतात आणि पन्नास प्रश्नांच्या पेपरात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात हे त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवशी कळते.

दलालांबद्दल मात्र सविस्तर लिहावे लागेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्यभरतीची देशभरातली लेखी परीक्षा पेपर फुटल्यामुळे ऐनवेळी रद्द करावी लागली. ते प्रकरण पुण्यात उघडकीस आले, म्हणजे हा धंदा आपल्या दारात चालतो. त्याची साधी पद्धत अशी: दहा मुलांकडून पैसे घ्यायचे, कोणासाठी काहीच करायचे नाही. त्यांतली दोन-तीन स्वतःच्या गुणांवर लागतातच. त्यांचे पैसे ठेवून घ्यायचे आणि "काम केले" म्हणून मिरवायचे. उरलेल्यांचे परत द्यायचे, म्हणजे तक्रारही होत नाही आणि प्रामाणिक म्हणून नावही होते. पुढच्या वर्षी वीस मुले येतात. काही ठिकाणी दहावी-बारावीची मूळ कागदपत्रे 'फीची हमी' म्हणून ठेवून घेतात. मूळ कागद कोणालाही, कितीही ओळखीचा असला तरी, देऊ नयेत. अर्जाचे शुल्क २५० रुपये आहे; त्यापलीकडे भरतीसाठी सैन्याला एक पैसाही द्यावा लागत नाही. निकाल संकेतस्थळावर क्रमांकानुसार लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले शिक्क्याचे नियुक्तिपत्र घेऊन मुलाला रेल्वेत बसवण्याआधी आपल्या भागाच्या सैन्यभरती कार्यालयात ते दाखवून खात्री करावी.

निवड झाली, मुलगा प्रशिक्षणाच्या सेंटरवर गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचे सेंटर बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, तोफखान्याचे नाशिक रोडला. सुरुवातीचे काही आठवडे फोन येत नाही किंवा आठवड्यातून थोडाच वेळ येतो. फोन जमा करून घेतलेले असतात. त्यावरून 'काहीतरी झाले' असा निष्कर्ष काढू नये. फोन आला की मुलगा रडतो, उस्ताद (प्रशिक्षक) फार पिदवतात म्हणतो, परत येतो म्हणतो. अशा वेळी "ये बाबा निघून" हे शब्द तोंडातून जाऊ नयेत. तक्रार खरीच गंभीर असेल, म्हणजे आजारपण दडवले जाते आहे किंवा कोणी मारहाण करते आहे, तर सेंटरच्या कमांडंटच्या नावाने लेखी पत्र पाठवावे आणि त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यावी. लेखी पत्राची दखल घ्यावी लागते. फोनवरच्या रडण्याची नोंद कुठेच होत नाही.

कारण पळून आलेल्या मुलाचे पुढे काय होते, ते अनेकांना माहीत नसते. विनापरवाना गैरहजेरी हा सैन्य कायदा १९५० च्या कलम ३९ खाली गुन्हा आहे, आणि परत न येण्याच्या हेतूने पळणे हा कलम ३८ खाली त्याहून मोठा. गैरहजर राहून ३० दिवस उलटले की चौकशी बसते, आणि त्याला पकडण्यासाठीची कागदपत्रे गावच्या पोलीस ठाण्यात येतात. तेव्हा आई "तो इथे नाही" म्हणते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६४ नुसार पळालेल्या सैनिकाला जाणूनबुजून आसरा देणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्यात सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला, आईवडिलांना नाही. म्हणून मुलगा अवेळी दारात आला तर आधी जेवू घालावे, आणि मग त्याच दिवशी युनिटला फोन करून त्याला परतीच्या गाडीत बसवावे. दोन दिवसांत आपणहून परतलेल्याची आणि दोन महिन्यांनी पोलिसांनी नेलेल्याची शिक्षा सारखी नसते.

घरी कोणी आजारी पडले तर मुलाला थेट "ताबडतोब निघ" असे कळवू नये. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह युनिटला कळवावे, म्हणजे त्याला रजा रीतसर मिळते. त्यासाठी मुलाचा सर्व्हिस नंबर, कंपनीचे नाव, युनिटचा पत्ता आणि रेकॉर्ड ऑफिसचा फोन हे सगळे घरातल्या वहीत लिहिलेले असावे. नुसते "सेंटरला आहे" एवढे पुरत नाही.

आता पैसे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, पण हातात येतात २१,०००. ९,००० सेवानिधी या सक्तीच्या बचतीत जातात. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. नेमणुकीनुसार भत्ते वेगळे. चार वर्षांत मुलाचे ५ लाख २ हजारांच्या आसपास जमतात, सरकार तेवढेच घालते, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवा संपल्यावर करमुक्त मिळतात. त्याआधी काढता येत नाहीत. इथे घरोघर एकच चूक होते. मुलगा लागला की ट्रॅक्टर, मोटारसायकल नाहीतर घराच्या स्लॅबसाठी त्याच्या पगारावर कर्ज काढतात, आणि हप्ते पाच किंवा सात वर्षांचे. नोकरी चारच वर्षांची. शेवटच्या वर्षांचे हप्ते सेवानिधीतून जातात आणि तेविशीतला मुलगा रिकाम्या हाताने घरी बसतो. कर्ज काढायचेच तर साडेतीन वर्षांत फिटेल एवढेच काढावे. मुलाचे खाते, एटीएम आणि पासबुक मुलाकडेच असू द्यावे.

जिवाच्या धोक्याबद्दल पालक बोलत नाहीत. बोलले तर अपशकुन होईल असे वाटते. पण वारसाचे नाव कागदावर बरोबर आहे का, हे बघायला हवेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना मरण पावला. त्यानंतर उलटसुलट चर्चा झाली आणि सैन्याने वारसांना काय मिळते ते जाहीर केले: ४८ लाखांचा विमा, ज्याचा हप्ता मुलाकडून घेतला जात नाही, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, उरलेल्या सेवाकाळाचा पगार, सरकारी वाट्यासह सेवानिधी, आणि युद्धात किंवा मोहिमेत बळी पडलेल्यांच्या निधीतून ८ लाख. मासिक कुटुंब निवृत्तिवेतन मात्र नाही. मृत्यू सेवेशी संबंधित ठरला नाही तर ४८ लाखांचा विमा आणि तोवर जमलेला सेवानिधी एवढेच मिळते. म्हणजे रजेवर गावी आलेला मुलगा विनाहेल्मेट दुचाकीवरून पडला, तर ४४ लाखांचे अनुदान मिळेलच असे धरू नये. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ किंवा ५० टक्क्यांच्या पायरीनुसार ४४, २५ किंवा १५ लाख. टक्केवारी लष्करी वैद्यकीय मंडळ ठरवते, म्हणून प्रत्येक दुखापतीची नोंद त्या त्या वेळी युनिटमध्ये झालीच पाहिजे. "किरकोळ आहे, साहेबांना कशाला सांगू?" हे वाक्य पुढे फार महाग पडते.

पाचव्या वर्षाची तयारी पहिल्या वर्षीच सुरू व्हायला हवी. दहावीवर गेलेल्याने राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या व्यवस्थेतून बारावी करून घ्यावी. इग्नू या मुक्त विद्यापीठाने अग्निवीरांसाठी पदवीची सोय केलेली आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत राखीव जागा, वयात सवलत आणि शारीरिक चाचणीतून सूट जाहीर झालेली आहे, पण लेखी परीक्षा चुकत नाही. राज्यातल्या माजी सैनिकांच्या राखीव जागा अशा अग्निवीराला आपोआप लागू होत नाहीत, कारण तो दर्जाच त्याला नाही. सैन्याची पहिली तुकडी जानेवारी २०२३ च्या सुमारास प्रशिक्षणाला गेली; तिची चार वर्षे २०२७ च्या सुरुवातीला भरतात. तेव्हा गावागावांत परत आलेली मुले दिसू लागतील आणि त्यांना काय करायचे हे विचारायला जागा नसेल.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी सेवाशर्तींचे दोन पानी मराठी पत्रक काढावे. ते भरतीच्या अधिसूचनेसोबत तहसील, सेतू केंद्र आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. अठरा वर्षांखालील मुलाच्या पालकाला ते सहीच्या किमान आठवडाभर आधी हातात मिळावे आणि मिळाल्याची पोच घ्यावी. त्यात पगाराचा वर्षवार तक्ता, वारस नोंदवण्याची पद्धत, गैरहजेरीचे परिणाम आणि तक्रार कोणाकडे करायची त्याचा पत्ता, एवढे असले तरी पुरे. खर्च छपाईचा. आपल्या दैनिकानेही भरतीच्या दिवशीच्या पानावर मैदानावरच्या फोटोशेजारी हा तक्ता छापावा, अशी विनंती आहे.

आपले,
काही माजी सैनिक व पालक
(जि. सातारा)